डॉ. राही मासूम रझा : गंगाकाठचा कलमबहाद्दर



आपल्या स्मरणिकेतून कोणा ना कोणा कर्तबगार व्यक्तीच्या जीवनाचा परिचय विद्यार्थ्यांना व्हावा, हा उपयुक्त प्रघात आहे. मी निवडलेले नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले नसेल. परंतु त्या व्यक्तीने लिहिलेले शब्द ऐकले नाहीत असा माणूस मात्र आपल्या रावेरमध्ये शोधून सापडणार नाही. ती व्यक्ती म्हणजे डॉ. राही मासूम रझा.

माझे वडील एक आठवण नेहमी सांगतात. १९८८-८९ चा काळ. आमच्या गल्लीत एकच दूरदर्शन संच होता आणि तोही कृष्णधवल. रविवारी सकाळी केळीच्या मळ्यात जाणारे मजूरसुद्धा कामाला उशिरा निघत. ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या ओट्यावर, खिडकीत, दारात माणसे दाटीवाटीने बसत. त्यांत सुतार असत, शिंपी असत, शेजारच्या गल्लीतील पाटील-चौधरी असत, आमच्या आजीच्या वयाच्या बुरख्यातील बायकाही असत. पडद्यावर शंखध्वनी होई, एक चक्र फिरू लागे आणि काळ स्वतः बोलू लागे. ती मालिका होती ‘महाभारत’. त्या ओट्यावर बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते, की भीष्म, कर्ण, द्रौपदी आणि श्रीकृष्ण यांच्या तोंडचे ते संवाद उर्दूच्या एका प्राध्यापकाने, एका मुस्लिम लेखकाने लिहिले आहेत.

या लेखकाचा जन्म १ सप्टेंबर १९२७ रोजी उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यात गंगौली या गावी झाला. गाझीपूर हे गंगेच्या काठी वसलेले शहर. वडील तेथील नामवंत वकील होते आणि घराणे शिया सय्यद जमीनदारांचे. घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण राहीसाहेबांच्या वाट्याला बालपणीच मोठे दुखणे आले. आजाराने पाय अधू झाला, शाळा काही वर्षे सुटली आणि चालण्यातील लंगडेपणा जन्मभर राहिला. बरोबरीची मुले मैदानात धावत असताना हा मुलगा अंथरुणावर पडून असे. दुसरा एखादा मुलगा या अवस्थेत खचला असता. राहीसाहेबांनी ती वर्षे वाचनात आणि गोष्टी ऐकण्यात घालविली. शाळा सुटली होती; शिक्षण सुटले नव्हते. ज्या पालकांच्या मुलांचे वर्ष आजारपणाने किंवा घरच्या अडचणीने वाया गेले असेल, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या घरातील विद्याप्रेमही सांगण्यासारखे आहे. राहीसाहेबांचे बंधू मुनीस रझा हे भूगोलाचे नामांकित विद्वान. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि पुढे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जमीनदारी पुढे कायद्याने गेली. शेती गेली, मान गेला, वाडे पडले. ज्यांनी शिक्षणाचा हात धरला ते मात्र तरले. एकाच घराची ही हकीकत आपल्या समाजाला पुरेसे शिकवून जाते.

तरुणपणी राहीसाहेब काही काळ अलाहाबादला होते. तेथे त्या वेळी उर्दूतील लोकप्रिय मासिकांचा आणि स्वस्त कादंबऱ्यांचा मोठा व्यवसाय होता. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी ज्यांच्या जासूसी कादंबऱ्या रात्र रात्र जागून वाचल्या, ते इब्ने सफी त्याच वर्तुळातले. राहीसाहेबांनीही तेथे टोपणनावाने कादंबऱ्या लिहिल्या. त्या लिखाणाला साहित्यात मान नव्हता. परंतु ठरल्या दिवशी मजकूर हातावेगळा करणे, वाचक पुस्तक मिटणार नाही असे लिहिणे, ही शिस्त तेथे अंगी बाणली. पुढे चित्रपट व दूरदर्शन यांच्या धावपळीत ती त्यांच्या कामी आली.

त्यानंतर ते अलीगढला आले. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये लावलेल्या रोपट्याचा १९२० मध्ये विद्यापीठरूपी वृक्ष झाला, हे आपण जाणताच. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून राहीसाहेब एम.ए. झाले आणि पुढे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. जादूगार, अय्यार, राजपुत्र, मायानगरी यांनी भरलेली ही उर्दूतील अवाढव्य दास्तान. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून १८८३ पासून तिचे भाग बाहेर पडू लागले. मुन्शीजी धर्माने हिंदू. पण उर्दू-फारसीचे हजारो ग्रंथ आणि कुराण शरीफच्या प्रतीसुद्धा त्यांच्या छापखान्याने छापल्या. या दास्तानीत दिसणारे भारतीय जीवन हा राहीसाहेबांच्या अभ्यासाचा गाभा होता. पुढे ते अलीगढलाच उर्दूचे अध्यापन करू लागले.

आता त्यांच्या लेखनाकडे वळू. ते प्रथम उर्दूचे कवी. १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धावर त्यांनी महाकाव्य रचले. १९६५ च्या युद्धात खेमकरण विभागात शत्रूचे रणगाडे उडवीत शहीद झालेले परमवीर चक्र विजेते हवालदार अब्दुल हमीद हे गाझीपूर जिल्ह्याचेच सुपुत्र. एका गरीब शिंप्याच्या घरात जन्मलेल्या या वीराचे चरित्र राहीसाहेबांनी पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये लिहिले. त्याचे नाव त्यांनी ‘छोटे आदमी की बड़ी कहानी’ असे ठेवले.

त्याच १९६६ साली त्यांची ‘आधा गाँव’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि राहीसाहेबांचे नाव सर्व देशभर झाले. हे त्यांच्या स्वतःच्या गंगौलीचे चित्र आहे. मोहरमचे ताबूत, मजलिसी, उत्तरेकडील व दक्षिणेकडील पट्टीतील मानापमान, विणकर, राखणदार, शेजारचे हिंदू गावकरी असे सारे गाव त्यात वावरते. मग फाळणीचे वारे वाहू लागतात. बाहेरून शिकलेली मुले येऊन नव्या देशाच्या गोष्टी सांगतात आणि गावातील साध्या माणसांना प्रश्न पडतो, की आपले शेत, आपला इमामबाडा, आपल्या वाडवडिलांच्या कबरी येथे आहेत, मग आपला देश दुसरीकडे कसा असेल? फाळणी होते, जमीनदारी जाते, घरे ओस पडतात. गंगौली हे आपले घर आहे आणि ते सोडण्यास आपल्याला कोणी सांगू शकत नाही, ही लेखकाची ठाम भूमिका पानापानांतून जाणवते.

या कादंबरीच्या भाषेविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. राहीसाहेब उर्दूचे प्राध्यापक. परंतु ही कादंबरी नागरी लिपीत छापली गेली आणि त्यातील पात्रे गाझीपूरकडील घरगुती भोजपुरी-उर्दू बोलतात. आपल्याकडे घरात खानदेशी वळणाची उर्दू, बाजारात अहिराणी किंवा लेवा बोली आणि शाळेत मराठी चालते, तसाच तो प्रकार. काही उर्दूवाल्यांना नागरी लिपी रुचली नाही. काही हिंदीवाल्यांना त्यातील रांगडी बोली आणि शिव्या खटकल्या. जोधपूर विद्यापीठात ही कादंबरी अभ्यासक्रमात लागली तेव्हा मोठा वाद झाला. दोन्हीकडून बोल लागले, पण राहीसाहेब आपल्या मतावरून ढळले नाहीत. भाषा कोणा एका धर्माची नसते, ती बोलणाऱ्याची असते, हे त्यांचे मत होते. आज ‘आधा गाँव’ हिंदीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत गणली जाते आणि तिचे इंग्रजी भाषांतरही झालेले आहे. टोपी नावाचा हिंदू मुलगा आणि इफ्फन नावाचा मुस्लिम मुलगा यांच्या मैत्रीवरील त्यांच्या ‘टोपी शुक्ला’ या कादंबरीतील भाग केंद्रीय बोर्डाच्या दहावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात घेण्यात आला होता.

एवढे नाव झाले म्हणजे आयुष्य सुखाचे झाले असेल असे कोणास वाटेल. तसे घडले नाही. अलीगढमध्ये त्यांच्या विचारांवरून आणि खाजगी जीवनावरून वाद झाले, विरोधक वाढले आणि नोकरी सुटली. चाळिशीच्या घरात, अधू पायाने, संसाराचा भार घेऊन १९६७ च्या सुमारास ते मुंबईला आले. पूर्वांचलातून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या आजही आपल्या रावेर स्टेशनवरून जातात. पोटासाठी घर सोडलेली किती माणसे त्या डब्यांतून जातात, हे फलाटावर उभे राहून आपण रोज पाहतो. राहीसाहेबही अशाच माणसांपैकी एक होते. फरक इतकाच, की त्यांचे अवजार लेखणी होते.

मुंबईत त्यांनी चित्रपटांसाठी लिहिण्यास सुरुवात केली. डॉक्टरेट मिळविलेल्या माणसाने सिनेमाचे संवाद लिहावेत, यात कमीपणा मानणारे तेव्हाही होते. राहीसाहेबांनी तो मानला नाही. १९७५ चा ‘मिली’, १९७९ चा ‘गोलमाल’, १९८० चा ‘कर्ज’ अशा चित्रपटांचे संवाद त्यांच्या लेखणीतून उतरले. ‘मैं तुलसी तेरे आँगन की’, ‘तवायफ’ आणि ‘लम्हे’ या तीन चित्रपटांच्या संवादांसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. दिवसभर निर्मात्यांचे काम आणि उरलेल्या वेळात आपले साहित्य, असा त्यांचा क्रम राहिला. मुंबईत आल्यावरही त्यांच्या कादंबऱ्या थांबल्या नाहीत. चित्रपटसृष्टीतील लेखकांच्या जीवनावरच त्यांनी ‘सीन ७५’ ही कादंबरी लिहिली.

आता तो प्रसंग सांगतो, ज्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला.

प्रसिद्ध निर्माते बी. आर. चोप्रा यांनी दूरदर्शनसाठी महाभारतावर मालिका काढण्याचे ठरविले. संवादलेखनासाठी त्यांनी राहीसाहेबांना विचारले. राहीसाहेबांनी वेळ नसल्याचे सांगून नकार दिला. तरीही चोप्रा यांनी वार्ताहरांपुढे त्यांचेच नाव जाहीर करून टाकले. झाले! चोप्रांकडे निषेधाची पत्रे येऊ लागली. महाभारत लिहिण्यासाठी देशात कोणी हिंदू लेखक उरला नाही काय, अशा आशयाचा मजकूर त्यांत होता. चोप्रांनी ती पत्रे तशीच राहीसाहेबांकडे पाठवून दिली. ती वाचल्यावर राहीसाहेबांनी चोप्रांना फोन केला आणि आता ही मालिका आपणच लिहिणार असे कळविले. आपण गंगेचे पुत्र आहोत आणि या देशाची संस्कृती आपल्याइतकी कोणाला ठाऊक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या मित्रमंडळींनी हा प्रसंग अनेकदा सांगितलेला आहे.

मित्रहो, येथे क्षणभर थांबू या. अपमान झाला म्हणजे माणूस दोन गोष्टी करतो. एक तर उलट शिव्या देतो किंवा रुसून घरी बसतो. राहीसाहेबांनी यांपैकी काहीच केले नाही. ते अभ्यासाला बसले. महाभारत हा सुमारे एक लाख श्लोकांचा ग्रंथ म्हणून ओळखला जातो. त्याच्या देशभरातील अनेक हस्तलिखित प्रती ताडून पाहून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत सुमारे अर्धशतक खपून चिकित्सक आवृत्ती तयार केली होती. आपल्या महाराष्ट्रातील विद्वानांचे हे परिश्रम मालिकेच्या लेखनाला आधारभूत ठरले. पंडित नरेंद्र शर्मा यांच्यासारखे जाणते कवी सल्लागार म्हणून होते. मालिका चालू असतानाच, फेब्रुवारी १९८९ मध्ये शर्माजींचे निधन झाले. पण तोपर्यंत उर्दूचा हा शायर आणि हिंदीचा तो पंडित एकाच कामाला जुंपलेले होते.

भाषेचा प्रश्न सर्वांत अवघड होता. फार संस्कृत शब्द घातले तर सामान्य प्रेक्षकाला कळणार नाही. रोजची हिंदी घातली तर राजसभेचा आब राहणार नाही. राहीसाहेबांनी मधला मार्ग काढला. भाषा शुद्ध आणि भारदस्त, पण वाक्ये लहान आणि अर्थ सरळ. ‘आधा गाँव’मध्ये ज्याने गावरान बोली लिहिली, ‘गोलमाल’मध्ये ज्याने हसविले, त्याच लेखकाने ही भाषा घडविली. पिताश्री, माताश्री, भ्राताश्री हे शब्द त्या मालिकेमुळे घराघरांत पोहोचले. आमच्या मोहल्ल्यातील मुलेदेखील खेळताना एकमेकांना भ्राताश्री म्हणून हाका मारीत, असे वडील सांगतात. ‘समय’ हा सूत्रधार तर अविस्मरणीय ठरला. जुन्या काळी दास्तानगो श्रोत्यांपुढे बसून कथा उलगडीत असे. ज्याने दास्तानीवर प्रबंध लिहिला त्याला कथा सांगणाऱ्याचे महत्त्व नेमके ठाऊक असणार, असे मला वाटते. तरुणपणी केलेला अभ्यास वीस-पंचवीस वर्षांनी कोठे उपयोगी पडेल, हे कोणी सांगू शकत नाही.

२ ऑक्टोबर १९८८ पासून ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि १९९० च्या मध्यापर्यंत तिचे ९४ भाग झाले. अर्जुनाची भूमिका फिरोज खान या कलावंताने केली, कुंतीची नाझनीन यांनी आणि श्रीकृष्णाची आपल्या महाराष्ट्राच्या नितीश भारद्वाज यांनी. ज्यांनी आधी विरोधाची पत्रे पाठविली असतील, त्यांच्याही घरांतून रविवारी सकाळी राहीसाहेबांचेच शब्द ऐकू आले असतील. याहून सभ्य उत्तर दुसरे कोणते असू शकते? मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखविली, तेव्हा मी ती माझ्या मुलांबरोबर पाहिली. श्रेयनामावलीत राहीसाहेबांचे नाव आले तेव्हा मुलाने आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेतूनच या लेखाची कल्पना सुचली.

दूरदर्शनसाठी त्यांनी आणखीही लिहिले. ‘नीम का पेड़’ ही त्यांची मालिका १९९१ मध्ये आली. जमीनदार आणि त्याचा बांधील गडी बुधई यांची ती गोष्ट. अंगणातील कडुनिंबाचे झाड स्वातंत्र्यानंतरच्या राजकारणाचे रंग पाहत राहते, अशी तिची मांडणी आहे. पंकज कपूर यांनी बुधई अजरामर केला. पुढच्याच वर्षी, १५ मार्च १९९२ रोजी राहीसाहेबांचे मुंबईत निधन झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये देशात आणि मुंबईत जे घडले, ते पाहण्यास ते राहिले नाहीत. जन्मदात्री आई, अलीगढ विद्यापीठ आणि गंगा नदी अशा आपल्याला तीन माता आहेत, असे ते मानीत. मृत्यूनंतर आपल्याला गंगेच्या कुशीत पोहोचवावे, अशी इच्छाही त्यांनी कवितेतून व्यक्त केली होती.

कोणी म्हणेल, हे सारे उत्तरेकडचे. आपल्या खानदेशाशी याचा काय संबंध? तर शेजारच्या बऱ्हाणपूरकडे पाहावे. अकबराचे नवरत्न अब्दुर्रहीम खानखाना यांचे अनेक वर्षे तेथे वास्तव्य होते. हिंदी दोह्यांचे रचनाकार म्हणून मुले त्यांना आजही शिकतात. अकबराने महाभारताचे फारसीत भाषांतर करवून घेतले, त्याचे नाव ‘रज्मनामा’. आपल्या मराठीत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ रचला. राहीसाहेब याच जुन्या वाटेने चालले.

मी स्वतः बी.ए.ला मराठी हा विशेष विषय घेतला, तेव्हा मोहल्ल्यातील काही मंडळींनी विचारले, की या भाषेचा तुला काय उपयोग? आणि महाविद्यालयात काहींनी विचारले, की तुला ही भाषा झेपेल काय? दोन्ही प्रश्न मला सारखेच बोचले. तेव्हा मला राहीसाहेबांचे चरित्र ठाऊक असते तर मन इतके डळमळले नसते. आजही माझ्या वर्गातील एखादी हुशार मुलगी वक्तृत्वस्पर्धेत मराठी संतांवर बोलू इच्छिते, आणि घरून निरोप येतो की आपल्याला हे कशाला हवे? पालकांना मी नम्रपणे सांगू इच्छितो, की दुसऱ्याचा ग्रंथ समजून घेतल्याने आपला ईमान कमी होत नाही. मोहरमचे दुःख मनापासून लिहिणाऱ्या लेखकानेच कुरुक्षेत्राचे दुःखही मनापासून लिहिले. घरची उर्दू जपा, नमाज-कुराणाची तालीम द्या आणि त्याबरोबर मराठी इतकी चांगली येऊ द्या, की मुलांना बोलताना कोठेही खाली पाहावे लागू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक सांगणे आहे. तुमच्या नावावरून, वस्तीवरून, बोलण्याच्या ढबीवरून कोणी शंका घेईल तेव्हा राग येईल. येणे साहजिक आहे. त्या वेळी गाझीपूरच्या त्या लंगड्या मुलाची आठवण करा. त्याने पत्रांना पत्राने उत्तर दिले नाही. ग्रंथ उघडला, लेखणी घेतली आणि काम असे केले, की साऱ्या देशाने बसून ऐकले. शाळेच्या वाचनालयात जा, मिळेल ते पुस्तक घ्या आणि वाचण्यास प्रारंभ करा.

आपल्या मुला-मुलींमधून असे लेखणीचे धनी निर्माण होवोत, हीच अल्लाहच्या दरबारी दुआ.